नमुन्याची फुलं आणि शिवडीचे आकडे



आजच्या व्याख्यानाच्या फलकावर 'संगणकाची पार्श्वभूमी नसताना डेटा ॲनालिटिक्समध्ये एम.एससी.' असं लिहिलेलं आहे. त्यामुळे सभागृहात दोन प्रकारची मंडळी आलेली दिसतात. काहींना हा अभ्यासक्रम करायचा आहे आणि काहींना त्याची फी भरायची आहे. फी भरणाऱ्यांना आधीच सांगून टाकतो: कुठल्या कॉलेजात प्रवेश घ्यावा, पगार किती मिळतो, यावर आम्ही बोलणार नाही. आमचं काम पुस्तकं वाचायचं आणि ती कशी आहेत ते सांगायचं. कादंबरीचं परीक्षण आपण करतो, नाटकाचं करतो. क्रमिक पुस्तकाचं मात्र कोणी करत नाही. वास्तविक कर्ज काढून आपण जे पुस्तक वाचतो त्याचं परीक्षण आधी व्हायला हवं.

बी.ए. अर्थशास्त्र झालेली, बी.कॉम. झालेली, नर्सिंग करून चार वर्षं वॉर्डात काढलेली मुलंमुली या विषयाकडे वळतात, तेव्हा त्यांना पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकायला मिळतं: 'तुम्हाला बॅकग्राउंड नाही.' म्हणजे कोडिंग येत नाही. हे खरंच आहे. पण ज्या पुस्तकांतून त्यांना शिकवलं जातं, त्या पुस्तकांनाही एक पार्श्वभूमी नाही. आकडा कुठून आला, कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि लिहिताना काय गाळलं, हे त्या पुस्तकांना माहीत नसतं; किंवा माहीत असलं तरी सांगावंसं वाटत नाही. ही दुसरी उणीव पहिलीपेक्षा मोठी आहे आणि ती भरून काढण्याचं सामान शिवडीच्या मुलाकडे असतं, असं आमचं म्हणणं आहे. आता पुस्तकं उघडू या.

कुठलंही पुस्तक घ्या, कुठलीही व्हिडिओमालिका लावा; पहिलं उदाहरण आयरिसच्या फुलांचं. दीडशे फुलं, तीन जाती, प्रत्येकीची पन्नास. प्रत्येक फुलाची चार मापं: निदलाची लांबी-रुंदी, पाकळीची लांबी-रुंदी. मापांवरून जात ओळखायची. मापं घेतली एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि ती प्रसिद्ध केली रोनाल्ड फिशरने, १९३६ साली, 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात. युजेनिक्स म्हणजे माणसांच्या जाती सुधारण्याचं ते कुप्रसिद्ध शास्त्र. फुलांचा त्यात काही दोष नाही, पण हा पत्ता विद्यार्थ्याला सहसा कोणी सांगत नाही.

आमची तक्रार त्याहून साधी आहे. या दीडशे ओळींत एकही जागा रिकामी नाही आणि तीनांतली एक जात इतकी वेगळी आहे की डोळ्यांनीसुद्धा बाजूला काढता येते. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याने कुठलीही पद्धत लावली तरी उत्तर शंभरात पंच्याण्णवच्या वर बरोबर येतं. त्याला वाटतं, आपल्याला जमलं! जमलेलं असतं अँडरसनला. शेतात वाकून, पट्टी धरून, एकेक फूल मोजणाऱ्या त्या माणसाची सगळी मेहनत दीडशे ओळींच्या मागे आहे आणि पुस्तकात ती एका ओळीत मिळते: डेटा लोड करा.

२०२० साली या फुलांना पर्याय म्हणून अंटार्क्टिकाचे पेंग्विन आले. पामर स्टेशनजवळच्या तीन जातींचे ३४४ पक्षी, क्रिस्टन गोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलेले. 'आर फॉर डेटा सायन्स' या पुस्तकाची २०२३ची दुसरी आवृत्ती याच पेंग्विनांनी सुरू होते. पहिल्या आवृत्तीत तिथे मोटारगाड्या होत्या. बदल चांगला आहे. पेंग्विनांच्या तक्त्यात काही जागा रिकाम्या आहेत, मोजणारीचं नाव आहे, बेटांची नावं आहेत. एवढ्यानेही पुस्तक माणसात येतं. शिवडीत बसून पेंग्विन मोजायला आमची हरकत नाही. आपल्याकडेही पक्षी आहेतच, त्यांच्याकडे येतो थोड्या वेळाने.

दुसरं लाडकं उदाहरण टायटॅनिकचं. सरावाच्या तक्त्यात ८९१ प्रवासी. कोण वाचलं, कोण बुडालं, हे वय, लिंग, तिकिटाचा वर्ग यांवरून सांगायचं. १७७ जणांचं वय नोंदलेलं नाही. पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात, रिकाम्या जागी सरासरी वय टाका आणि पुढे चला. एक ओळीचं कोड आहे, सगळे टाकतात.

इथे जरा थांबू या. ८९१ पैकी ३४२ वाचले. त्यांतल्या २९० जणांचं वय माहीत आहे, म्हणजे शंभरातल्या सुमारे ८५ जणांचं. बुडाले ५४९. त्यांतल्या ४२४ जणांचं वय माहीत आहे. हे झाले शंभरात ७७. फरक का पडावा? सोपं आहे. वाचलेल्या माणसाला वय विचारता येतं. बुडालेल्याचं वय कोणीतरी आठवून सांगावं लागतं, आणि सांगणाराही त्याच जहाजात असू शकतो. म्हणजे रिकामी जागासुद्धा काही सांगते आहे. ती सरासरीने भरली की जे सांगायचं होतं ते पुसलं गेलं, आणि वर तक्ता पूर्ण दिसतो.

हे समजायला पायथॉन लागत नाही. कोविडच्या काळात केस पेपर लिहिलेल्या कुठल्याही नर्सला विचारा, कोणाचा फॉर्म अर्धा राहतो. जो बोलू शकत नाही त्याचा. पण त्या नर्सला वर्गात सांगितलं जातं की तुला बॅकग्राउंड नाही. आणि बाजूच्या बाकावरचा अभियंता एका ओळीत १७७ जागा भरून मोकळा होतो.

तिसरं उदाहरण बॉस्टनच्या घरांचं. ५०६ वस्त्यांतल्या घरांच्या किमती. मूळ लेख १९७८चा, हॅरिसन आणि रुबिनफेल्ड यांचा. विषय होता स्वच्छ हवेसाठी लोक किती पैसे मोजतील. त्यात एक स्तंभ होता वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणाचा, तोही सरळ नाही, सूत्रात घालून वर्ग केलेला. वर्षानुवर्षं जगभरच्या विद्यार्थ्यांनी हा स्तंभ मॉडेलमध्ये टाकला आणि गृहपाठ जमा केला. शेवटी सायकिट-लर्न या पायथॉनच्या लायब्ररीने हा तक्ता आपल्या १.२ आवृत्तीतून काढून टाकला. 'ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' या गाजलेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत जो बॉस्टनचा तक्ता येतो, त्यातही तो स्तंभ उरलेला नाही. आणखी एक गोष्ट आहे. या तक्त्यात किंमत ५० हजार डॉलरवर कापलेली आहे. महाग घर कितीही महाग असो, लिहिलेलं ५०. आलेख काढला की वरच्या बाजूला ठिपक्यांची एक सरळ रेघ दिसते. ती पाहून 'हे काय?' असं विचारणारा विद्यार्थी आम्हाला हवा आहे.

आता हाच अभ्यास ४०००१५ या पिनकोडात करून बघा. शिवडीची बीडीडी चाळ घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, शिवडीच्या चाळी मागे राहिल्या, कारण जमीन पोर्ट ट्रस्टची. म्हणजे घराची 'किंमत' ठरवताना खोल्या किती आणि स्टेशन किती लांब याच्याआधी विचारावं लागेल की खालची जमीन कोणाची. बाजूला पागडीची घरं. भाडं ठरलं कायद्याने, हस्तांतराचे पैसे ठरले चहाच्या टपरीवर आणि कागदावर तिसराच आकडा. पलीकडे गिरणीच्या जागेवरचा टॉवर. या तिघांची सरासरी काढली तर जी किंमत येईल त्या किमतीचं घर शिवडीत कुठेही मिळणार नाही. बॉस्टनचं पुस्तक वाचलेला विद्यार्थी ती सरासरी काढतो. चाळीत वाढलेला काढणार नाही, निदान हात तरी थबकेल. हा थबकणारा हात परीक्षेत मात्र मोजला जात नाही.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही शिवडीचं नाव घेतलं तिकडे वळतो.

समजा, सेमिस्टरच्या प्रकल्पासाठी तुम्हाला मुंबईच्या सगळ्या वॉर्डांतल्या मृत्यूंची नोंद मिळाली. वॉर्डाची लोकसंख्या जनगणनेतून घेतली, भागाकार केला, नकाशा रंगवला. आपला एफ दक्षिण वॉर्ड, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन लाखांच्या थोडी वर. नकाशावर हा वॉर्ड गडद लाल उठणार, कारण नोंदणीचा १९६९चा कायदा सांगतो की मृत्यू जिथे झाला तिथे त्याची नोंद करायची. आणि आपल्या वॉर्डात काय आहे? केईएम आहे, टाटा मेमोरियल आहे, वाडिया आहे आणि इथे शिवडीत महापालिकेचं टीबी हॉस्पिटल आहे. गोवंडीचा क्षयरोगी शेवटचे दिवस शिवडीत काढतो. जळगावचा, रत्नागिरीचा, बिहारचा कर्करोगी परळला येतो. तो गेला की आकडा आपल्या वॉर्डात चढतो. जो कधी इथे राहिलाच नाही त्याचा मृत्यू आपल्या वस्तीच्या खात्यावर.

विद्यार्थी जर नुसता कोडिंग शिकलेला असेल तर तो पुढे जाईल. गिरण्यांचं प्रदूषण, बंदराचा कोळसा, दाट वस्ती असे स्तंभ जोडेल आणि मॉडेल त्याला कारणही देईल. मॉडेल नेहमीच कारण देतं हो, त्याला लाज नसते. सादरीकरण झकास होईल. आणि सगळं चूक.

दुरुस्ती काय? मृत्यूच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये मृत व्यक्ती राहायची कुठे, हेही विचारलेलं असतं. तो स्तंभ घ्या. बरं, घेतला. पण गावाहून आलेल्या पेशंटने काळाचौकीच्या बहिणीचा पत्ता दिला असेल तर? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा दिला असेल तर? इथपर्यंत जो प्रश्न विचारत येतो तो विश्लेषक झाला, असं आम्ही समजतो. उत्तर मिळो न मिळो. टीबी हॉस्पिटलच्या गेटासमोरून रोज बसने जाणाऱ्या मुलीला हे शिकवावं लागत नाही; गेटाबाहेर कुठकुठल्या गावची माणसं बसलेली असतात हे तिने पाहिलेलं असतं. तिला हे सांगावं लागतं की तू जे पाहिलंस ते या विषयात चालतं, परीक्षेत लिही.

टीबीचाच आणखी एक आकडा बघा. २०१२ साली केंद्र सरकारने टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केलं. नोंदीसाठी निक्षय नावाची संगणकीय व्यवस्था आली. पुढच्या वर्षांत देशातल्या नोंदी वाढत गेल्या आणि २०१९मध्ये २४ लाखांवर पोचल्या. रोग वाढला का? मुख्यतः नोंद वाढली. मग आलं २०२०. नोंदी एकदम १८ लाखांवर आल्या, म्हणजे एका वर्षात चौथा हिस्सा गेला. टाळेबंदीत टीबी कमी झाला असं कोण म्हणेल? दवाखान्यापर्यंत पोचणं कमी झालं. पण हा आलेख कालमालिकेच्या मॉडेलला खायला घाला. तो खुशाल सांगेल की उतार लागला आहे. कोणी त्यावरून खाटा कमी केल्या तर? हा प्रश्न गृहपाठाच्या पलीकडचा आहे. असल्याच आलेखांवरून औषधं मागवली जातात, माणसं नेमली जातात.

आता पक्षी. शिवडीच्या जेट्टीवर हिवाळा ते उन्हाळा रोहित येतात, अग्निपंख म्हणा हवं तर. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं, तो इथूनच खाडीत शिरतो. सगळे विचारतात, पुलामुळे पक्षी कमी झाले का? उत्तर देण्याआधी विचारा, मोजणी भरतीच्या किती वाजता झाली. भरती चढताना पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, ओहोटीला चिखलावर दूर पांगतात. एका वर्षी भरतीला मोजले आणि दुसऱ्या वर्षी ओहोटीला, तर पूल नसतानाही पक्षी 'कमी' होतील. शिवाय हजारोंचा थवा कोणी एकेक मोजत नाही. एक तुकडा मोजायचा आणि गुणायचं. गुणणाऱ्याची नजर हासुद्धा एक स्तंभच आहे, तक्त्यात नसलेला. एवढंच सांगून पुढे जातो.

हा विचार आम्ही आज शोधून काढलेला नाही. मराठी माणसाने तो पाऊणशे वर्षांपूर्वी जगासमोर मांडला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. शिकले फर्ग्युसनमध्ये, मग लंडनला. १९४०च्या दशकात देशात पिकाचं उत्पन्न अंदाजण्यासाठी शेतात नमुन्याचे छोटे तुकडे कापून धान्य तोलायची पद्धत बसवली जात होती. प्रश्न आला, तुकडा केवढा असावा? छोटा तुकडा स्वस्त पडतो, कमी वेळ लागतो, म्हणून जास्त ठिकाणी घेता येतो. सूत्र छोट्या तुकड्याच्या बाजूने होतं. महालनोबिसांचा कलही तिकडे होता, आणि महालनोबिस म्हणजे काही लहान नाव नव्हे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा घेतला की उत्पन्न फुगतं. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांचा यावरचा लेख आला.

फुगतं कशामुळे? कापणारा माणूस हद्दीवरचं रोप आत धरतो. ताट आत की बाहेर अशी शंका आली की हात आतल्या बाजूला झुकतो. तुकडा मोठा असेल तर हद्दीवरची चार रोपं आत आली तरी बिघडत नाही. छोटा असेल तर तीच चार रोपं जड होतात, आणि मग तो आकडा जिल्ह्याने, प्रांताने गुणला जातो. युद्धाचा आणि दुष्काळाचा काळ. धान्य आहे त्यापेक्षा जास्त दिसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. चूक सूत्रात नव्हती, दोरी धरलेल्या हातात होती. ती ओळखायला सूत्रही यावं लागतं आणि शेतही माहीत असावं लागतं. डेटा ॲनालिटिक्सच्या मराठी विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात हे प्रकरण शिकावं. आमच्या पाहण्यातल्या एकाही लोकप्रिय पुस्तकात ते नाही.

आता तुम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात आहात, तर थोडं कडू बोलतो. वरचं सगळं ऐकून 'म्हणजे कोडिंगचं एवढं काही नाही, अनुभव महत्त्वाचा' असं घरी जाऊन सांगू नका. सुखात्मे गणितात पक्के होते म्हणून त्यांना महालनोबिसांशी वाद घालता आला. नुसता शेतकरी असता तर कोणी ऐकलं नसतं. वॉर्डाचा नकाशा चूक आहे हे टीबी हॉस्पिटलसमोरच्या मुलीला कळतं. पण तो दुरुस्त करून दाखवायचा तर दोन तक्ते जोडता आले पाहिजेत.

जोडणं म्हणजे काय कष्ट आहेत, ते एकदा बघा. एका तक्त्यात 'शिवडी', दुसऱ्यात 'शिवरी', तिसऱ्यात इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत आणलेलं 'सेवरी'. यंत्राला ही तीन गावं. एका यादीत आडनाव आधी, दुसऱ्यात शेवटी. बाईचं नाव एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं. हे काम एसक्यूएल आणि पायथॉन शिवाय हजार ओळींच्या पुढे होत नाही. आणि ते शिकायला वेळ लागतो. पहिले तीन महिने तर फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे यंत्राला सांगण्यातच जातात. चुकीचा संदेश इंग्रजीत येतो, लाल अक्षरांत, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाटतं आपल्याला रागावले. रागावलेलं नसतं, बहुतेक वेळा कंस बंद करायचा राहिलेला असतो. शेवटची ओळ आधी वाचायची, एवढी युक्ती कोणीतरी सांगावी लागते.

म्हणून पुस्तकांकडे परत जाऊ. 'स्टॅटिस्टिकल लर्निंग'चं नाव मघाशी आलं. जेम्स, विटन, हेस्टी आणि टिबशिरानी यांचं हे पुस्तक २०१३ साली आलं, २०२३ पासून पायथॉनमध्येही आहे आणि इंटरनेटवर फुकट आहे. मॅट्रिक्सचं गणित येत नसलं तरी चालेल, असा दिलासा ते सुरुवातीलाच देतं. पुस्तक उत्तम आहे, भाषा प्रेमळ आहे. पण दिलाशाबद्दल आमची तक्रार आहे. पुस्तक संपेपर्यंत तो खरा ठरतो. त्याच परंपरेतलं थोरलं पुस्तक, 'एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग', उघडलं की पहिल्या काही पानांतच भिंत येते. एम.एससी.च्या दुसऱ्या सेमिस्टरची प्रश्नपत्रिका त्या भिंतीच्या पलीकडून काढलेली असू शकते. जिना झाकून ठेवलेलं घर राहायला बरं वाटतं, वर जायची वेळ येईपर्यंत. बी.कॉम.च्या मुलाला स्पष्ट सांगावं: मॅट्रिक्सचा गुणाकार, लॉगॅरिदम आणि सशर्त संभाव्यता या तीन गोष्टी वहीत, पेनाने, उन्हाळ्याच्या सुट्टीत करून ये. दोन महिने लागतील. तेवढे लागू देत.

वेस मॅकिनीचं 'पायथॉन फॉर डेटा ॲनालिसिस' शैलीने रुक्ष आहे. झोप येते, कबूल. पण त्यात खराब डेटा खराब म्हणूनच येतो: तुटक्या तारखा, दुबार ओळी, नको तिथे आलेले स्वल्पविराम. कारकुनी वाटते, पण नोकरीतला दिवस बराचसा असाच जातो. नवख्याने हे पुस्तक वाचू नये, जवळ ठेवावं आणि अडलं की उघडावं.

आमचं सगळ्यांत आवडतं पुस्तक मात्र १९७८चं आहे. फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्हज यांचं 'स्टॅटिस्टिक्स'. ते सुरू होतं १९५४च्या पोलिओ लसीच्या चाचणीपासून. चाचणीच्या एका आराखड्यात पालकांनी संमती दिलेल्या दुसरीच्या मुलांना लस दिली आणि तुलना केली पहिली-तिसरीच्या सगळ्या मुलांशी. संमती देणारे पालक सरासरीने जास्त सधन, आणि स्वच्छ घरांतल्या मुलांना तेव्हा पोलिओचा धोका जास्त. म्हणजे तुलनाच वाकडी. एकही सूत्र न लिहिता हे पुस्तक तुम्हाला तिथे उभं करतं.

असंच एक प्रकरण आपल्या दारात आहे. १८९७च्या जानेवारीत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. बाकीच्यांशी तुलना केली. पुढे आलेले आणि न आलेले कैदी सारखेच होते का? धट्टेकट्टे पुढे आले असतील की घाबरलेले? १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळला जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली, आज तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. इथून फार तर पंधरा मिनिटांची बस. पोलिओपेक्षा हे उदाहरण आमच्या मुलांना जास्त लागेल, पण ते घालून पुस्तक लिहायला कोणी बसलेलं नाही. मराठीत या विषयावर जे मिळतं ते बहुतेक इंग्रजी पुस्तकाची फुलं मराठी कुंडीत लावलेलं असतं. 'विदा' हा चांगला शब्द आपण घडवला आणि त्यात अमेरिकन मोटारी भरल्या.

एक अपवाद सांगायला हवा. तो पदव्युत्तर नाही, पण रचना शिकण्यासारखी आहे. आयआयटी मद्रासने २०२० साली प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. जेईई नाही, चार आठवडे शिकवतात, मग त्यावरच पात्रता परीक्षा. त्या चार विषयांत 'कॉम्प्युटेशनल थिंकिंग' नावाचा एक आहे. माधवन मुकुंद आणि जी. वेंकटेश हे दोन प्राध्यापक चक्क कार्डं घेऊन बसतात: दुकानाची बिलं, मुलांच्या गुणपत्रिका, परिच्छेदातले शब्द. एकेक कार्ड उचलायचं, बघायचं, दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवायचं; मनात बेरीज चालू. सगळ्यांत जास्त गुण कोणाला, हे शोधायची रीत आधी हातांना कळते, मग खडूने लिहिली जाते, पायथॉन त्याच्याही नंतर. गिरणीच्या पगारखात्यात किंवा रेशन दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला हे बघून हसू येईल, कारण तो हेच करत आला. संगणकाची पार्श्वभूमी कशाला म्हणायचं हा प्रश्न त्या कार्डांपाशी आम्हाला पहिल्यांदा नीट दिसला.

आता फी भरणाऱ्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत, त्यांतल्या दोन घेतो. एकांनी विचारलंय, प्रवेशाआधी कॉलेजला काय विचारावं. पायथॉन शिकवता का, हे विचारू नका, सगळेच हो म्हणतात. पहिल्या सेमिस्टरची प्रश्नपत्रिका मागा आणि त्यात मॅट्रिक्स आहे का बघा. असेल तर सुट्टीत ते शिकवायची काही सोय आहे का विचारा. आणि विचारा की दोन वर्षांत एकदा तरी विद्यार्थी स्वतः बाहेर जाऊन आकडे गोळा करतो का, की सगळे प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यांवर. उत्तर देताना समोरच्याने मोबाइल बघितला, तर फी भरायची घाई करू नका.

दुसरी चिठ्ठी एका नर्सताईंची आहे. त्या लिहितात, 'रात्रपाळी करून हे जमेल का, आणि आधी एसक्यूएल शिकू की पायथॉन?' ताई, आधी एसक्यूएल. वाक्यं थोडी आहेत आणि वॉर्डाचं रजिस्टर तुम्हाला पाठ आहे. बेड नंबर, केस पेपर नंबर, भरतीची तारीख, सुटीची तारीख, हे तक्ते तुमच्या डोक्यात आधीच जोडलेले आहेत. जमेल का, याचं उत्तर मात्र रात्रपाळ्या आठवड्याला किती आणि घरी स्वयंपाक कोण करतं यावर आहे. पहिलं वर्ष नोकरी न सोडता अर्धवेळ करता येतं का बघा, आणि कर्ज त्यानंतर काढा.